ताई, मी सीरियल किलरच्या डॉक्युमेंटऱ्या बघते, माझं चुकतंय का?

पत्र असं आहे:

"ताई नमस्कार. मी ३१ वर्षांची, नाशिकलाच असते, अंबडला एका कंपनीत अकाउंट्सला आहे. मला क्राइम डॉक्युमेंटऱ्यांचं वेडच आहे, त्यातही सीरियल किलरच्या. पोळ्या लाटताना, स्कूटरवरून घरी आल्यावर, झोपताना, कानात तेच चालू. मागच्या महिन्यात डबा खाताना आम्ही चौघी एका सीरिजबद्दल बोलत होतो, कुणाला कसं मारलं वगैरे, मी तर हाताने करून दाखवत होते आणि आम्ही हसत होतो. आमच्या टेबलावर स्टोअर्समधल्या एक मॅडम असतात, त्यांनी अर्धा डबा तसाच बंद केला आणि उठून गेल्या. नंतर एकीने सांगितलं की त्यांच्या भावाचा खून झाला होता, बरीच वर्षं झाली, आणि त्यावर टीव्हीवर एपिसोडपण झाला होता, घरच्यांना काही न विचारता. तेव्हापासून मला धड बघवत नाही आणि सोडवतही नाही. रात्री तीनतीनदा कडी बघते. त्यात माझा धाकटा भाऊ मागे लागलाय की आपण मराठीत क्राइमचं यूट्यूब चॅनेल काढू, आवाज तुझा, आणि पहिला एपिसोड गावित बहिणींचा करू कारण त्यात नाशिकचं कनेक्शन आहे. ताई, मी वाईट आहे का? मॅडमना काय म्हणू? आणि भावाला हो म्हणू का?"

अगं, सगळ्यात आधी एक सांगते. तुझ्या पत्रातल्या दोनतीन गोष्टी मी बदलल्यात आणि दोनतीन काढूनच टाकल्यात, त्या मॅडमसाठी. तू त्यांच्या भावाबद्दल चार ओळी लिहिल्या होत्यास, कुठे झालं, कसं झालं, कोण पकडलं गेलं, ते वाचून तुमच्या कंपनीतल्या कुणालाही लगेच कळलं असतं कोण ते. आणि त्यांनी ते मला सांगितलेलं नाही, तुलाही सांगितलेलं नाही, तुला तिसऱ्याच कुणीतरी सांगितलंय. म्हणजे बघ, त्यांची गोष्ट त्यांच्या पाठीमागे तिघींच्या हातातून फिरलीसुद्धा, आणि वाईट हेतू तिघींपैकी एकीचाही नव्हता. तुझ्या सगळ्या पत्राचं मूळ मला इथेच दिसतंय.

वाईट आहेस का, तर नाही. जिला काही वाटलं नसतं तिने दुसऱ्या दिवशी नवीन सीझन लावला असता. पण "चांगलीच आहेस गं, बघ खुशाल" असं म्हणूनही मी तुला सोडणार नाहीये, कारण तू जे विचारलंयस ते मला स्वतःला बरीच वर्षं टोचतंय.

आधी तू हे का बघतेस ते बोलू, कारण ते तुला स्वतःलाच नीट माहीत नाहीये असं पत्रावरून वाटलं. बायकांना हे जास्त आवडतं ही काही विकृती वगैरे नाही. २०१० साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातल्या दोन मानसशास्त्रज्ञांचा एक अभ्यास आला होता, त्यात दिसलं की खऱ्या गुन्ह्यांची पुस्तकं पुरुषांपेक्षा बायका जास्त निवडतात, आणि ज्यात ती बाई त्याच्या तावडीतून कशी निसटली, काय युक्ती केली, हे असेल तिकडे त्यांचा ओढा अजून जास्त. मला हे वाचून अजिबात आश्चर्य वाटलं नाही. संध्याकाळी अंबडमधून एकटी स्कूटरवर निघणारी मुलगी मनातल्या मनात हजार वेळा तालीम करत असते, कुणी मागे आलं तर काय करायचं, किल्ली कशी धरायची, फोन कुणाला लावायचा. तू ती तालीम स्क्रीनवर करतेस. भीती आहे म्हणून बघतेस, यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

फक्त त्यात एक गोची आहे. या सगळ्या मालिका तुला अनोळखी माणसाला घाबरायला शिकवतात, अंधारातला, गाडीतला, हुशार, थंड डोक्याचा. आणि बाईला प्रत्यक्षात धोका असतो तो बहुतेक वेळा ओळखीच्या माणसाकडून, घरातल्या, नात्यातल्या, गल्लीतल्या. म्हणजे तालीम चालू आहे पण ती भलत्याच प्रसंगाची. आणि एक एपिसोड संपला की दुसरा आपोआप सुरू होतो त्यामुळे ती भीती कधी खाली बसतच नाही, म्हणून तू तीनतीनदा कडी बघतेस. झोपताना ऐकणं आजपासून बंद कर. यात बरोबर चूक असा काही प्रश्न नाही, तुझ्या डोक्याला रात्री तेवढी विश्रांती हवी आहे इतकंच. महिनाभर बंद करूनही झोप लागली नाही तर कुणा चांगल्या डॉक्टरला किंवा समुपदेशकाला दाखव, टाळू नकोस.

आता माझं सांगते, म्हणजे मी वर बसून तुला उपदेश करतेय असं तुला वाटणार नाही. १९९६ चा नोव्हेंबर मला स्वच्छ आठवतो. मी पंचवटीत राहायचे, मुलगा साडेचार वर्षांचा. गावित प्रकरण बाहेर आलं, आई आणि दोन मुली, लहान मुलं पळवायची, त्यांना पुढे करून गर्दीत चोऱ्या करायच्या आणि मूल नकोसं झालं की मारून टाकायचं. मी बुधवारच्या बाजाराला गोदाघाटावर जायचे तेव्हा मुलाचा हात नाही, मनगट धरायचे, इतकं घट्ट की वळ उठायचे. आणि रोज पेपर आला की आधी तेच पान. नळावर तेच, शाळेच्या गेटवर तेच, अमुक मुलाला कसं मारलं, तमुकला कुठे टाकलं, आम्ही आया एकमेकींना सांगायचो आणि सांगताना आमचा आवाज कसा व्हायचा ना, तो मला आता आठवला की कसंतरी होतं, त्या आवाजात भीती होती पण थोडी मजापण होती.

२०२२ च्या जानेवारीत मुंबई हायकोर्टाने त्या दोघींची फाशी रद्द करून जन्मठेप केली तेव्हा परत सगळं टीव्हीवर आलं. मी मुलाला फोनवर विचारलं, तुला आठवतं का रे तेव्हाचं? तो म्हणाला, मला फक्त तू मनगट धरायचीस ते आठवतं. फोन ठेवल्यावर मी बसले आठवत. त्या दोघी बहिणींची नावं मला पाठ, आईचं नाव पाठ, माफीचा साक्षीदार झालेल्या नवऱ्याचंसुद्धा नाव पाठ. आणि तेरा मुलं पळवली होती, त्यातल्या एकाचं नाव मला येत नव्हतं. मी तेव्हा इतकं वाचलं, इतकं बोलले, पंचवीस वर्षं लक्षात ठेवलं, आणि ज्यांच्यासाठी रडले असं मला वाटत होतं त्यांच्यातलं एकही मूल माझ्याजवळ उरलं नव्हतं.

म्हणून मला जे म्हणायचंय ते असं. आपल्याकडे मयताच्या घरी भेटायला जायची एक रीत आहे. कुणी बसवून शिकवत नाही, आईबरोबर चारदोन ठिकाणी गेलं की आपोआप येते. आपण जातो, गप्प बसतो. "कसं झालं" हे आपण होऊन विचारत नाही, घरचे सांगतील तेवढं ऐकतो, त्यांनी तेच तेच पाचव्यांदा सांगितलं तरी पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकतो. गेलेल्या माणसाबद्दल बोलतो, तो कसा होता, काय करायचा. निघताना "येते" म्हणत नाही. आणि घरी आल्यावर तिथे काय पाहिलं ते चारचौघांत तिखटमीठ लावून सांगत नाही, कुणी सांगितलंच तर मोठी माणसं दटावतात. ही रीत तुला येते, मला येते, तुझ्या त्या तिन्ही मैत्रिणींना येते. खुनाची डॉक्युमेंटरी म्हणजे असंच कुणाच्या तरी घरात जाणं असतं गं. फरक एवढाच की घरच्यांना माहीत नसतं आपण आत आलोय ते, आणि समोर कुणी नसल्यामुळे आपण पाय पसरून, खातपीत, हसत बसतो. त्या दिवशी डब्याच्या टेबलावर तेवढाच अपघात झाला, घरचं माणूस समोर बसलेलं होतं.

हे मी उगाच भावनेने बोलत नाहीये. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये नेटफ्लिक्सवर जेफ्री डाहमरवरची मालिका आली, ती डॉक्युमेंटरी नव्हती, नट घेऊन केलेली होती, तू पाहिलीच असशील. त्याने १९७८ ते १९९१ या काळात १७ जणांना मारलं. त्यातल्या एकाची बहीण रिटा इसबेल, १९९२ साली तिने कोर्टात त्याच्यासमोर उभं राहून आक्रोश केला होता. मालिकेत तो प्रसंग जसाच्या तसा उभा केला, नटीचे केस तसे, कपडे तसे, वाक्यं तीच. इसबेलबाईंनी नंतर सांगितलं की मला कुणी विचारलंच नाही, आणि ते बघताना सगळं परत भोगल्यासारखं झालं. मालिका करणाऱ्यांचं म्हणणं असं की आम्ही वीसेक नातेवाइकांना आणि मित्रांना संपर्क करायचा प्रयत्न केला होता, कुणाचं उत्तर आलं नाही. समजा ते खरं धरलं तरी मला कळत नाही की घरचे दार उघडत नाहीत याचा अर्थ आत शिरायला हरकत नाही असा कसा होतो. कोर्टातलं बोलणं कागदोपत्री सार्वजनिक असतं, कायद्याने त्यांना तिची परवानगी लागली नसेलही. पण त्या बाईच्या आयुष्यातला सगळ्यात वाईट दिवस, तिचा स्वतःचा चेहरा, आणि जगभर लोक तो सोफ्यावर बसून बघतायत.

आणि हे सगळं परदेशात चालतं असं नको समजूस. पुण्याचं जोशी अभ्यंकर खून प्रकरण घे. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७, चौदा महिन्यांत दहा माणसं, आणि मारणारे पुण्यातल्याच एका कला महाविद्यालयातली मुलं, चौघांना नोव्हेंबर १९८३ मध्ये येरवड्याला फाशी झाली. त्यांच्या म्होरक्याचं नाव जक्कल, आमच्या पिढीला "जक्कल" म्हटलं की अजून अंगावर काटा येतो, त्या नावाची अक्षरशः म्हण झाली. आणि गेलेल्या माणसांमधले आपल्याला किती माहीत? प्रकरणाच्या नावात दोन आडनावं आली, तीही ती बंगल्यात राहणारी कुटुंबं म्हणून. त्याच प्रकरणात पहिला जीव गेला तो त्यांच्याच कॉलेजातल्या एका मुलाचा, त्याचं आडनाव त्या नावात नाही. शेवटी गेला त्याचंही नाही. आणि अभ्यंकरांच्या घरी त्या रात्री पाच जण गेले त्यातल्या एक त्यांच्याकडे घरकाम करणाऱ्या बाई होत्या, त्या "अभ्यंकर" या शब्दाखाली पुसल्या गेल्या. मुंबईच्या रामन राघवचं तर विचारूच नकोस, १९६८ मध्ये पकडला, ४१ खून केल्याचं स्वतः कबूल केलं म्हणतात, त्याच्यावर किती लिहिलं गेलं, त्याला पकडणारे पोलीस, त्याची तपासणी करणारे डॉक्टर, त्याचा आजार, फाशीची जन्मठेप कशी झाली, १९९५ साली ससूनला कसा वारला, सगळं सापडतं. ज्यांना मारलं ते फुटपाथवर आणि झोपड्यांत झोपलेले गरीब लोक होते, त्यांच्याबद्दल कुणालाही एक ओळ धड सांगता येत नाही.

आपण नाशिकची माणसं ना गं. आपल्या रामकुंडावर रोज कुठून कुठून लोक अस्थी घेऊन येतात, गुरुजी बसल्याबसल्या पहिलं काय विचारतात तर नाव, मग गोत्र, आणि गोत्र माहीत नसलं तर काश्यप धरतात पण विधी अडवत नाहीत. जुन्या तीर्थोपाध्यायांकडे वह्या आहेत, पिढ्यान्पिढ्यांची नावं त्यात उतरवलेली. अपमृत्यू झालेल्यांसाठी लोक त्र्यंबकला नारायणबळी करायला येतात. तुझा या सगळ्यावर विश्वास असो नसो, मी स्वतः फार धार्मिक नाहीये, पण ज्या गावात मेलेल्या माणसाचं नाव घ्यायला माणसं इतक्या लांबून येतात त्या गावात राहून मी तेरा मुलांची गोष्ट एकाही नावाशिवाय सांगत फिरले याचं मला वाईट वाटतं.

मग काय, बघूच नये का? मला असं वाटत नाही. काही गोष्टी सांगायलाच हव्यात, आणि त्या कशा सांगितल्यात ते पाहून तू ठरवू शकतेस. माझी एक साधी कसोटी आहे. भेटायला गेलेल्या घरात घरचे लोक एक गोष्ट हमखास बोलतात, "वेळेवर कुणी लक्ष दिलं असतं तर." कुणी लक्ष दिलं नाही आणि का, हे जी डॉक्युमेंटरी शोधते ती त्या घरच्यांच्या बाजूची असते. डाहमरचंच घे, मे १९९१ मध्ये एक चौदा वर्षांचा मुलगा त्याच्या घरातून कसाबसा रस्त्यावर आला होता, शेजारच्या कृष्णवर्णीय बायकांनी पोलीस बोलावले, जीव तोडून सांगितलं की हे पोर आहे आणि काहीतरी गडबड आहे, आणि पोलिसांनी त्या बायकांचं न ऐकता मुलाला परत त्याच्याच ताब्यात दिलं. त्याच रात्री तो गेला, आणि त्याच्यानंतरही आणखी गेले. हे जगाला कळायलाच हवं. तो माणूस काय विचार करायचा, डोळ्यात कसा बघायचा, याने कुणाचं काय भलं होणार आहे मला माहीत नाही, पण पोलीस कुणाचं ऐकतात आणि कुणाचं नाही हे कळलं तर उद्या एखादा जीव वाचेल.

आपल्याकडचं उदाहरण म्हणजे नागपूरचा अक्कू यादव. कस्तुरबा नगरच्या वस्तीत वर्षानुवर्षं त्याने बायकांवर अत्याचार केले, लोक तक्रारी घेऊन जायचे आणि काही व्हायचं नाही, शेवटी १३ ऑगस्ट २००४ ला वस्तीतल्या बायकांच्या जमावाने त्याला भर कोर्टात मारलं. त्यावर २०२२ मध्ये नेटफ्लिक्सवर डॉक्युमेंटरी आली, आपल्या उमेश कुलकर्णींनी केलेली. त्यात त्या वस्तीतल्या बायका स्वतः बोलतात. कायदा हातात घेणं बरोबर की चूक यावर आपण रात्रभर भांडू शकतो आणि भांडायला हवंच, पण ती बघताना मला कुणाच्या घरात चोरून शिरल्यासारखं वाटलं नाही, त्यांनी बोलावलं होतं आणि त्यांना सांगायचं होतं.

असं तूही बघत जा. पहिल्या दहा मिनिटांत कळतं. घरचं कुणी बोलतंय का, की नुसते वकील, पोलीस आणि खुन्याचा टेपवरचा आवाज? गेलेली माणसं फक्त मरण्यापुरती येतात की जगताना पण दिसतात? खून परत परत नट लावून करून दाखवतायत का, संथ म्युझिक टाकून? तसं असेल तर बंद कर. आणि जे बघशील त्यानंतर एक कर, गेलेल्या एका तरी माणसाबद्दल शोधून वाच, तो काय करायचा, कुठे राहायचा. सापडलं नाही तर निदान सापडत नाहीये हे तुला कळेल.

आता तुझ्या भावाचं. त्याला माझ्याकडून सांग की उत्साह चांगला आहे, पण आवाज बहिणीचा मागतोयस तर जबाबदारीपण तिची होते, म्हणून आधी हे ऐक. कायद्याची बाजू त्याने कुणा वकिलाला नीट विचारावी, मी मला ठाऊक आहे तेवढं सांगते. ऑटो शंकर नावाच्या चेन्नईच्या खुन्याच्या आत्मचरित्रावरून १९९४ साली सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, त्यात कोर्टाने म्हटलं की जे सार्वजनिक रेकॉर्डवर आहे ते परवानगीशिवाय छापता येतं, पण त्यापलीकडे कुणाच्या खासगी आयुष्यात शिरता येत नाही, आणि अत्याचार किंवा अपहरण झालेल्या बाईचं नाव तर रेकॉर्डवर असलं तरी असं जाहीर करून तिची आणखी विटंबना करू नये. बलात्कार झालेल्या बाईची ओळख उघड करणं हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, आणि लहान मुलांच्या लैंगिक अत्याचाराच्या केसमध्ये पॉक्सो कायद्याचं कलम २३ आहे. जुन्या बातम्यांतले फोटो उचलून थंबनेलवर टाकणारे शेकडो लोक आहेत, त्यांच्यात तुझा भाऊ नको.

दुसरं, कोर्टाचा निकाल. निठारीचं आठव. २००६ च्या डिसेंबरमध्ये नोएडात त्या बंगल्यामागच्या नाल्यात मुलांचे अवशेष सापडले, पुढे सतरा वर्षं सगळ्या देशाने, मीसुद्धा, ठरवूनच टाकलं होतं की नराधम कोण ते, त्यावर किती एपिसोड झाले असतील. ऑक्टोबर २०२३ मध्ये अलाहाबाद हायकोर्टाने बंगल्यातला नोकर कोलीला १२ आणि मालक पंढेरला २ खटल्यांतून निर्दोष सोडलं, तपासावर कडक ताशेरे ओढले, आणि जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते कायम ठेवलं. आता त्या आईबापांचा विचार कर. मूल गेलं, आणि कुणी मारलं हेही आता कुणी सांगत नाही. आणि आपण सगळे ती गोष्ट शेवटासकट सांगून मोकळे झालो होतो. चॅनेलवर एकदा का "राक्षस" म्हणून म्युझिक वाजवलं की नंतर कोर्टाने काही म्हटलं तरी तो व्हिडिओ कुणी काढत नाही.

तिसरं, म्युझिक आणि चेहरा. २०१९ मध्ये टेड बंडी या अमेरिकेतल्या सीरियल किलरवरची डॉक्युमेंटरी आली तेव्हा तो किती देखणा आहे असं लोक इतकं लिहायला लागले की नेटफ्लिक्सला स्वतः लोकांना आठवण करून द्यावी लागली, देखणे लोक आमच्याकडे इतर हजारो आहेत, आणि त्यातले जवळपास सगळे शिक्षा झालेले खुनी नाहीत. खुनी मध्यभागी ठेवला, वर लाइट मारला, की तो हिरोच होतो, सांगणाऱ्याची इच्छा असो नसो.

आणि गावित प्रकरण पहिल्या एपिसोडला नकोच. त्यातली काही माणसं याच शहरात, याच जिल्ह्यात असतील, त्यांच्या घरी कुणी यूट्यूब लावलं आणि तुझा आवाज आला तर? पुढे कधी करायचंच झालं तर भावाला म्हणावं त्या बहिणींपासून सुरू करू नकोस. त्या प्रकरणाला वाचा फुटली ती नाशिकच्या एका आईमुळे, तिची एक मुलगी गेली होती आणि दुसरीवर त्यांचा डोळा होता, तिने तक्रार केली, ती धरून राहिली. एवढ्या मुलांची नंतरची साखळी तिथून उलगडली. मी त्या काळात इतकं वाचलं आणि त्या बाईचं हे काम मला कितीतरी वर्षांनी लक्षात आलं. आणि मग पुढचं सांगा, १९९० पासून सहा वर्षं मुलं गायब होत होती ती बरीचशी गरिबांची, गर्दीतली, बसस्टँडवरची, देवळापुढची, त्यांची शोधाशोध कुणी आणि किती केली. २००१ ला कोल्हापूरच्या कोर्टाने दिलेली फाशी २००६ ला सुप्रीम कोर्टाने कायम केली, आणि मग दयेचा अर्ज सरकारी टेबलांवरून जवळपास आठ वर्षं फिरत राहिला, त्याच दिरंगाईमुळे शेवटी हायकोर्टाने फाशी रद्द केली. ही गोष्ट सांगायला खुनाचा एकही प्रसंग उभा करावा लागत नाही. पण मेहनत लागते, निकालपत्रं वाचावी लागतात, घरच्यांपर्यंत कुणा मध्यस्थामार्फत निरोप पोचवावा लागतो आणि ते नाही म्हणाले तर एवढी मेहनत बाजूला ठेवून गप्प बसावं लागतं. हे शेवटचं जमणार असेल तर भावाला हो म्हण. नसेल तर तुझा आवाज देऊ नकोस, सख्खा भाऊ असला तरी, त्याला राग आला तरी.

राहिल्या मॅडम, आणि खरं तर मला सगळ्यात काळजी त्यांचीच आहे.

व्हॉट्सॲपवर माफी मागू नकोस. चौघींनी मिळून तर अजिबात जाऊ नका, त्यांना परत सगळ्यांसमोर उभं केल्यासारखं होईल. फुलं, कार्ड, काही नको. "मला माहीत नव्हतं हो" हे वाक्य तोंडातून काढू नकोस, कारण मग त्यांना विचार करावा लागतो की हिला कुणी सांगितलं, ऑफिसात अजून कुणाकुणाला माहीत आहे, आणि वर तुला बरं वाटावं म्हणून त्यांनाच म्हणावं लागतं की जाऊ दे गं. एकटी असशील आणि त्या एकट्या असतील तेव्हा एवढंच म्हण, "मॅडम, त्या दिवशी जेवताना आम्ही जे बोलत होतो ते बोलायला नको होतं, मला वाईट वाटतंय." बस. भावाचं नाव काढू नकोस, रडू नकोस, उत्तराची वाट बघत उभी राहू नकोस. त्या नुसतं हं म्हणाल्या तरी ते त्यांचं उत्तर आहे. काहीच बोलल्या नाहीत तरी.

आणि कधी, पुढच्या महिन्यात, पुढच्या वर्षी, त्यांनी स्वतःहून विषय काढला तर ऐक. तेव्हा तुला विचारावंसं वाटेल, कसं झालं, का झालं, कोण होता, तुला तशी सवय आहे, इतके एपिसोड बघितल्यावर डोकं तिकडेच धावतं. ते विचारू नकोस. भाऊ काय करायचा ते विचार, खायला काय आवडायचं, क्रिकेट खेळायचा का, राखीला काय द्यायचा. खून झालेल्या माणसाच्या घरच्यांना हे कुणी विचारतच नाही गं, त्यांना वर्षानुवर्षं फक्त तो एक दिवस विचारतात.

मैत्रिणींना मात्र तू सांग, डब्याच्या टेबलावर हा विषय आता नको म्हणून. कारण विचारलं तर मॅडमचं नाव नको घेऊस, मला नाही आवडत म्हण.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन त्यांच्या शेजारी बस, नेहमीसारखी, भाजी दे, लोणचं माग. आणि पुढे काय झालं ते मला कळवायची गरज नाही, ते तुमच्या दोघींत राहू दे.

तुझी,
ताई